केस्ट्रेलचा आकडा खरा धरण्याआधी: लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी हवामान मीटर कसा तपासावा आणि जुळवावा

केस्ट्रेलसारखा हातात मावणारा हवामान मीटर नवा घेतला की बरेच जण आधी एकच उद्योग करतात. फोनवरच्या हवामानाच्या ॲपशी आकडे ताडून बघतात, जुळले नाहीत की मीटरलाच दोष देतात आणि मेनूत शिरून आकडे ॲपसारखे करून टाकतात. कारखान्यातून नीट जुळवून आलेलं यंत्र बिघडवायचा याहून सोपा मार्ग नाही. ॲप बहुधा दहा-वीस मैलांवरच्या विमानतळाचं हवामान सांगत असतं, तेही समुद्रसपाटीला नेऊन ठेवलेल्या दाबासकट. तुमची गोळी मात्र तुमच्यासमोरच्या हवेतून जाणार असते.

म्हणून या लेखात सेन्सरला हात लावण्याचं काम थोडं आहे आणि तपासण्याचं जास्त. शिवाय हे तपासणं ठरावीक क्रमाने करायचं आहे: आधी हवा, मग स्कोप, मग गोळीचा वेग, आणि शेवटी लांबच्या अंतरावरची घसरण. क्रम चुकला तर आधीच्या पायरीची चूक पुढच्या पायरीत दडून बसते आणि त्या दिवसापुरतं सगळं जुळल्यासारखं दिसतं.

भारतात नागरी नेमबाजी बहुतांशी १०, २५ आणि ५० मीटरवर चालते. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटरवर, आणि त्या अंतरावर वाऱ्याचं महत्त्व असलं तरी हवेच्या घनतेचा हिशेब कुणी मांडत बसत नाही. हा लेख अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहून ६०० ते १००० यार्डांच्या रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. बाकी, हाच मीटर घेऊन कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनाही दाब, तापमान आणि पंख्याचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल.

उदाहरणासाठी एक ठरलेली रायफल धरू: ६.५ क्रीडमूर जातीचं काडतूस, १४० ग्रेन वजनाची गोळी, वेग २७०० फूट प्रति सेकंद, १०० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली). मीटर केस्ट्रेल ५७०० एलिट, ज्यात अप्लाइड बॅलिस्टिक्सचा सॉल्व्हर, म्हणजे स्कोप किती फिरवायचा याचा हिशेब करणारा प्रोग्राम, आतच बसवलेला असतो. दुसरा मीटर असेल तर मेनूची नावं बदलतील, तत्त्व बदलणार नाही. आणि दोन जागा: न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळचं व्हिटिंग्टन सेंटर, समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंच, आणि ओहायोतलं कॅम्प पेरी, ईरी सरोवराच्या काठावर, जेमतेम १७५ मीटरवर, जिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले आहेत.

कोणती चूक किती महागात पडते

हे आधी कळलं तर कुठल्या पायरीवर वेळ घालवायचा हे आपोआप ठरतं. मिल हे कोनाचं माप, अंतराचा हजारावा भाग; १००० यार्डांवर एक मिल म्हणजे ३६ इंच. एफ-क्लासच्या (रायफल आधारावर टेकवून खेळायच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या) १००० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं आणि त्याच्या आतला एक्स ५ इंचाचा. म्हणजे मध्यापासून वर किंवा खाली ५ इंच गेलात की दहा हातचा गेला. आता वरच्या रायफलचे ढोबळ आकडे बघा.

रॅटनच्या उंचीवर स्टेशन प्रेशरच्या, म्हणजे त्या जागेवरच्या खऱ्या दाबाच्या, जागी समुद्रसपाटीचा दाब टाकला तर साधारण एक मिलची चूक होते, म्हणजे यार्डभर. स्कोपची चकती फिरवताना पडणाऱ्या खटक्यांमध्ये दोन टक्क्यांचा फरक असेल तर ०.१८ मिलच्या आसपास, साडेसहा इंच. वेगात २० फूट प्रति सेकंदाची चूक असेल तर ०.१५ मिल, साडेपाच इंच. तापमान पाच अंशांनी चुकलं तर ०.१ मिल, साडेतीन इंच. आणि आर्द्रता पाच टक्क्यांनी चुकली तर काहीही नाही. तो फरक तुमच्या ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या झुबक्यात, शोधूनही सापडणार नाही.

गंमत अशी की लोक सगळ्यात जास्त वेळ आर्द्रतेवर घालवतात, कारण तिची चाचणी घरबसल्या, मिठाच्या पुडीवर करता येते.

दाब: सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश

हवामान खातं आणि विमानतळ जो दाब जाहीर करतात तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला असतो, म्हणजे ती जागा समुद्रकाठी असती तर तिथे किती दाब असता तो. विमानाच्या अल्टिमीटरला आणि हवामानाच्या नकाशाला तसाच लागतो. बॅलिस्टिक सॉल्व्हरला मात्र त्या जागेवरचा खराखुरा दाब हवा असतो. त्यालाच स्टेशन प्रेशर म्हणतात. लोहगाव विमानतळ ५९२ मीटर उंचीवर आहे. तिथून १००८ हेक्टोपास्कल असा आकडा आला तर प्रत्यक्ष धावपट्टीवरचा दाब ९३९ च्या आसपास असतो. पुण्याचं हे, तर रॅटनचं विचारूच नका.

केस्ट्रेलवर हे असं बघायचं. दाबाच्या पडद्यावर रेफरन्स अल्टिट्यूड नावाची नोंद असते. ती शून्य करा. आता पडद्यावर दिसतोय तो स्टेशन प्रेशर. तिथे स्वतःची उंची भरून ठेवली असेल तर यंत्र आकडा समुद्रसपाटीला नेऊन दाखवतं, आणि नवख्या माणसाला 'आता ॲपशी जुळलं' असं समाधान मिळतं. हे समाधान घातक आहे. उंचीच्या पडद्यावर वेगळी नोंद असते, रेफरन्स दाबाची. या दोन नोंदींची सरमिसळ करू नका. सॉल्व्हरपुरता उंचीचा पडदा विसरलात तरी चालेल.

आता ताडून बघायला संदर्भ हवा. शेजारच्या नेमबाजाचा मीटर हा संदर्भ नव्हे, फार तर साक्षीदार. खरा संदर्भ म्हणजे जवळच्या विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथला हवामान अहवाल. अमेरिकेत त्यात ए अक्षरापुढे चार आकडे असतात: ए३००० म्हणजे ३०.०० इंच पारा, म्हणजेच सुमारे १०१६ हेक्टोपास्कल. त्याच अहवालात एसएलपी (समुद्रसपाटीचा दाब) असाही एक आकडा असतो. तो वेगळ्या पद्धतीने, तापमान धरून काढलेला असतो, त्यामुळे खालच्या सूत्रात तो वापरायचा नाही.

सूत्र असं. विमानतळाची उंची मीटरमध्ये घ्या, ०.००६५ ने गुणा आणि आलेला आकडा २८८.१५ मधून वजा करा. उरलेल्याला २८८.१५ ने भागा. आलेल्या अपूर्णांकाचा ५.२५६ वा घात काढा आणि त्याने मेटारमधल्या दाबाला गुणा. रॅटनचा विमानतळ १९३६ मीटरवर आहे. १९३६ गुणिले ०.००६५ म्हणजे १२.५८. वजाबाकी आणि भागाकार केल्यावर ०.९५६३ येतात, त्याचा घात ०.७९१. १०१६ ला त्याने गुणलं की ८०४ हेक्टोपास्कलच्या जवळ. फोनवरचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन मोजता आलं तर सोन्याहून पिवळं. ते जमत नसेल तर रेंज आणि विमानतळ यांच्या उंचीतला फरक धरा. या उंचीवर दर १० मीटर चढाला दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने उतरतो. समुद्रसपाटीजवळ हेच ८ मीटरला होतं. रेंज विमानतळापेक्षा ६० मीटर वर असेल तर ७९८ च्या आसपास आकडा दिसायला हवा.

मीटरचा आकडा दोन-तीन हेक्टोपास्कलच्या आत आला तर पुढच्या पायरीला लागा, काहीही बदलू नका. केस्ट्रेलचा दाबाचा सेन्सर दीड हेक्टोपास्कल इकडेतिकडे असू शकतो हे कंपनीच सांगते, आणि तुमच्या संदर्भातही थोडी चूक आहेच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या विमानतळांशी ताडूनही फरक एकाच बाजूला आणि तेवढाच येत राहिला, तरच सेन्सर कॅलिब्रेशनच्या मेनूत जाऊन दाब जुळवा. वारं सुटलेलं असताना, वादळ येऊ घातलेलं असताना ही तपासणी करू नका. मेटार तासाभरापूर्वीचा असू शकतो आणि तेवढ्यात दाब सरकलेला असतो.

आणखी एक जागा आहे जिथे पाय घसरतो. मीटरऐवजी फोनवरच्या ॲपमध्ये आकडे हाताने भरत असाल तर ॲप बहुधा दाब आणि उंची दोन्ही विचारतं. स्टेशन प्रेशर भरून वर उंचीही भरली आणि 'हा दाब प्रत्यक्ष जागेवरचा आहे' अशी खूण केली नाही, तर काही ॲप उंचीसाठी दुसऱ्यांदा वजावट करतात. मग रॅटनची हवा हिमालयातल्यासारखी विरळ होते. स्टेशन प्रेशर भरलात तर उंचीचा रकाना सॉल्व्हरच्या दृष्टीने निकामी असायला हवा. तसा आहे का ते बघायला उंची शून्य करून उत्तर बदलतं का ते तपासा.

तापमान: मीटर थंड होऊ द्या

तापमानाचा सेन्सर सहसा बरोबर असतो. चूक आपण त्याला कुठे ठेवतो त्यात असते. गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर पडलेला मीटर बाहेर काढून लगेच आकडा वाचला तर तो हवेचं नव्हे, डॅशबोर्डचं तापमान सांगतो. खिशातून काढला तर तुमचं. काँक्रीटच्या फायरिंग पॉइंटवर उन्हात ठेवला तर काँक्रीटचं.

सावलीत उभे राहा, मीटर अंगापासून लांब, दोरीला धरून हवेत मिनिटभर हळू फिरवा किंवा वाऱ्याकडे तोंड करून धरा. आकडा खाली सरकत असेल तर थांबा. दोन-तीन वाचनं सारखी आली की तो धरा. बोट सेन्सरच्या जवळ नको.

घरी ताडून बघायचं असेल तर भरवशाचा थर्मामीटर आणि हवामान मीटर टेबलपंख्यासमोर शेजारी ठेवा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. अर्ध्या अंशाचा फरक दोन्ही यंत्रांच्या हद्दीत बसतो. बर्फाच्या पाण्याची चाचणी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरसाठी ठीक आहे; हवामान मीटर पाण्यात बुचकळू नका, आतला आर्द्रतेचा सेन्सर भिजला की चुकीचं वाचतो.

तापमानाचा दुसरा धागा दारूगोळ्याशी जोडलेला आहे. सॉल्व्हरमध्ये तापमानानुसार वेगाचा तक्ता भरला असेल तर तो मीटरचं तापमान वापरतो. पण काडतुसं उन्हात तापलेल्या डब्यात असतील तर बारूद हवेपेक्षा बराच गरम असतो. डबा सावलीत ठेवा आणि काडतूस गरम चेंबरमध्ये भरून ठेवून वाऱ्याची वाट बघत बसू नका. यावर कुठलंही कॅलिब्रेशन चालत नाही.

आर्द्रता: एक रात्र, मीठ आणि फार अपेक्षा नाहीत

दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका आहे. ३० अंश तापमानात हवा पूर्ण कोरडी ते पूर्ण दमट अशी बदलली तरी घनतेत दीड टक्क्याच्या आसपासच फरक पडतो. म्हणून ही पायरी समाधानासाठी.

तरी करायचीच असेल तर अशी. आयोडीन नसलेलं जाडं मीठ बाटलीच्या झाकणात घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगायला नको. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट. झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवा, मीठ मीटरला लागू देऊ नका. डबा घरातल्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे तापमान हलत नाही. एसीचा झोत नको, खिडकीतलं ऊन नको. किमान आठ तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. २५ अंशांना आतली आर्द्रता ७५.३ टक्के असायला हवी, आणि खोली थोडी थंड असली तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून तर मीठ.

७३ ते ७८ च्या दरम्यान आकडा आला तर मीटर बंद करून जेवायला जा. आर्द्रता खरोखर जुळवायची तर दुसरा बिंदूही लागतो, मॅग्नेशियम क्लोराइडचा, ३२.८ टक्क्यांचा, कंपनीच्या संचात दोन्ही क्षार येतात. नुसत्या मिठावर एका बिंदूला जुळवून वरचं बरोबर आणि खालचं चूक करण्यात अर्थ नाही.

होकायंत्र: बॅटरी बदलली की पुन्हा

केस्ट्रेलमधली बॅटरी काढली की होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं. कारण साधं आहे: बॅटरीच्या धातूचा परिणाम त्यात धरलेला असतो, आणि नवी बॅटरी जुनीसारखी नसते. लिथियमची एए बॅटरी वापरा. थंडीत टिकते आणि फुगून गळत नाही.

जागा निवडणं हीच इथली खरी कला. शूटिंग बेंचच्या लोखंडी चौकटीवर नको, गाडीच्या बॉनेटवर नको, रायफलपासून दोन पावलं लांब, खिशातला फोन बाजूला. गवतात लाकडी ओंडका किंवा प्लास्टिकची पेटी सापडली तर उत्तम. मीटर सरळ उभा धरून किंवा ठेवून, जागच्या जागी तीन पूर्ण फेऱ्या फिरवा, प्रत्येक फेरीला दहा सेकंद. घाई केली की यंत्र कुरकुर करतं आणि पुन्हा करायला लावतं.

नंतर लगेच तपासा. फायरिंग पॉइंटवरून टार्गेटची दिशा वाचा, मग तिथेच उभं राहून नेमकं पाठमोरं वळा आणि मागच्या एखाद्या खांबाची दिशा वाचा. दोन्हींत १८० अंशांच्या आसपास फरक हवा. पाच अंशांपेक्षा जास्त चुकत असेल तर जागा बदला. जवळ कुठेतरी लोखंड आहे.

होकायंत्राच्या चुकीचा परिणाम वाऱ्याच्या दिशेवर ठरतो. वारा तुमच्या उजवीकडून थेट आडवा येत असेल तर दहा अंशांची चूक जवळजवळ पचते, आडव्या घटकात दीड टक्क्याचा फरक. पण वारा समोरून येत असेल तर त्याच दहा अंशांमुळे यंत्र नसलेला आडवा वारा दाखवतं, एकूण वेगाच्या १७ टक्के. ताशी दहा मैलांच्या समोरच्या वाऱ्यात ताशी १.७ मैलांचा आडवा वारा, म्हणजे आपल्या रायफलला १००० यार्डांवर सुमारे एक फूट. नेमबाजाला समोरचा वारा निरुपद्रवी वाटतो, आणि तिथेच होकायंत्र फसवतं.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाची काळजी वाऱ्यापुरती करू नका. टार्गेटची दिशा आणि वाऱ्याची दिशा एकाच होकायंत्राने मोजली तर तो फरक आपोआप कटतो. नकाशावरून टार्गेटची दिशा काढून भरली तर मात्र लागतो. पूर्व-पश्चिम चूक केली तर दुप्पट लागतो, तेवढं बघा.

वारा मोजणारा पंखा

पंखा म्हणजे इम्पेलर. तो ०.६ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला फिरायला लागतो. अगदी हलकी फुंकर घाला आणि बघा: तो सहज सुटतो का, आणि फुंकर थांबल्यावर हळूहळू थांबतो का? एकदम अडकून थांबला, थरथरला किंवा बारीक कर्रकर्र आवाज आला तर धारेवर कचरा आहे किंवा बेअरिंग झिजलंय. स्वच्छ पाण्याने धुऊन बघा. तेल घालू नका. तेलाने धूळ धरते आणि मग तो कायमचा जातो. केस्ट्रेलचा इम्पेलर कुठल्याही हत्याराशिवाय अंगठ्याने दाबून काढता येतो आणि नवा बसवता येतो, बसवताना खुणेची बाजू पुढे ठेवायची. एखादा सुटा इम्पेलर बॅगेत असू द्या.

वाऱ्याचा वेग स्वतः 'कॅलिब्रेट' करण्याच्या नादी लागू नका. चालत्या गाडीच्या खिडकीतून मीटर बाहेर धरून स्पीडोमीटरशी ताडण्याची युक्ती अनेकांना सुचते. गाडीच्या अंगावरून वळणारी हवा गाडीपेक्षा वेगळ्या वेगाने धावते, शिवाय त्या दिवशीचा वारा त्यात मिसळतो. वाऱ्याचा सेन्सर प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यातच तपासला जातो. शंका असेल तर मीटर कंपनीकडे पाठवा.

त्यापेक्षा धरण्याची पद्धत सुधारा. मीटरचं तोंड वाऱ्यापासून १५ अंश वळलं तर आकडा तीनेक टक्क्यांनी कमी येतो, आणि पुढे तो झपाट्याने घसरतो. हात पूर्ण लांब करा, अंग वाऱ्याच्या आड येऊ देऊ नका, मीटर मोटारीच्या किंवा शेडच्या आडोशाला धरू नका. आणि एक मिनिटभराची सरासरी व कमाल दोन्ही बघा, कारण एका क्षणाचा आकडा म्हणजे वाऱ्याचा मूड. तरीही, मीटर तुमच्या हातातला वारा सांगतो. सहाशे यार्डांवरचा वारा गवत, झेंडे आणि मृगजळ सांगतं. दहा मैलांच्या वाऱ्यात तीन टक्क्यांची सेन्सरची चूक १००० यार्डांवर दोन इंच. वाऱ्याचा तुमचा अंदाज दोन मैलांनी चुकला तर १४ इंच.

रेंजवर जाऊन आधी स्कोप

हवा बरोबर वाचतोय याची खात्री झाली. आता रायफल. इथे लोक थेट हजार यार्डांवर नेम धरतात आणि सॉल्व्हरला 'शिकवायला' लागतात. त्याआधी स्कोपचा एक खटका खरोखर ०.१ मिल आहे का ते पाहायला हवं.

१०० यार्ड फितीने मोजा, लेझरने नको. लेझर एका यार्डाने चुकला की एक टक्का इथेच गेला. उंच पुठ्ठ्यावर ओळंबा लावून उभी रेघ काढा आणि खालच्या टोकाला नेमबिंदू. नेमबिंदूपासून बरोबर ३६ इंचांवर दुसरी खूण. झीरोवर पाच गोळ्या, मग १० मिल वर फिरवून, नेम तोच ठेवून, पाच गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर ३६ इंच आलं तर स्कोप खरा. ३५.३ आलं तर खटका दोन टक्क्यांनी कमी. सॉल्व्हरमध्ये तो ०.९८ चा गुणक भरा. वरचा ग्रुप रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला सरकला तर स्कोप तिरपा बसलाय; तो आधी सरळ करा, आकड्यांनी झाकू नका.

याच वेळी झीरोही तपासा. ग्रुपचा मध्य नेमबिंदूपेक्षा दोन दशांश इंच वर असेल तर ती झीरो हाइट म्हणून भरा. बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीने मोजा. अंदाजपंचे दीड इंच लिहू नका.

वेग, आणि सॉल्व्हरला शिकवणं

क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, किमान दहा गोळ्यांची सरासरी घ्या, त्या वेळचं तापमान लिहा. तो वेग भरा आणि ६०० यार्डांवर सॉल्व्हर काय म्हणतो ते बघा. इथवरच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर पहिलाच ग्रुप जवळपास जागेवर पडतो, आणि पडला नाही तर त्या फरकाला काहीतरी अर्थ असतो.

मझल व्हेलॉसिटी (नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग) कॅलिब्रेशनमध्ये लांबच्या अंतरावर गोळी प्रत्यक्ष किती घसरली ते यंत्राला सांगायचं आणि ते वेग थोडा बदलून हिशेब जुळवतं. हे कुठल्या अंतरावर करायचं? गोळीचा वेग अजून माक १.२ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.२ पटीच्या, वर आहे अशा सगळ्यात लांबच्या अंतरावर. केस्ट्रेल स्वतः अंतर सुचवतो. जवळ केलं तर घसरण एवढी कमी की ग्रुपच्या पसाऱ्यातच ती हरवते. माक १.२ च्या खाली केलं तर गोळी डळमळायला लागलेली असते आणि तिच्या वागण्याचं खापर वेगावर फुटतं. तिथून पुढच्या घसरणीसाठी ड्रॉप स्केल फॅक्टर वेगळा असतो, आणि तो वेग पक्का झाल्यावरच भरायचा.

एक ग्रुप बघून शिकवू नका. शांत हवेत, पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप घ्या, अंतर भरवशाच्या रेंजफाइंडरने दोनदा मोजा, आणि मधल्या उंचीचा आकडा वापरा. शिकवल्यावर वेग क्रोनोग्राफच्या आकड्यापासून १०-२० फुटांत राहिला तर ठीक. चाळीस-पन्नास फूट सरकला तर थांबा, मागे कुठेतरी चूक राहिली आहे.

हे न पाळल्यावर काय होतं ते पाहा. समजा कुणीतरी रॅटनला सॉल्व्हरमध्ये मेटारचा १०१६ हा दाब टाकला. खरा दाब ८०४. सॉल्व्हरला हवा फार दाट वाटते, तो एक मिल जास्त फिरवायला सांगतो, आणि गोळ्या यार्डभर वर जातात. नेमबाज म्हणतो, रायफल अपेक्षेपेक्षा वेगवान आहे, आणि वेग शंभर-दीडशे फुटांनी वाढवून टाकतो. रॅटनला आता सगळं छान जुळतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, पण म्हैस त्या दिवशी उभी राहते. पुढच्या उन्हाळ्यात हीच रायफल कॅम्प पेरीला जाते. तिथे सरोवराच्या काठावर खरा दाब आणि मेटारचा दाब यांत वीसेक हेक्टोपास्कलचाच फरक, म्हणजे तीच चूक आता जवळजवळ निरुपद्रवी. पण वाढवलेला वेग तसाच आहे. सॉल्व्हर यार्डभर कमी फिरवायला सांगतो आणि पहिल्या गोळ्या टार्गेटच्या खाली मातीत जातात. बॅरल, बारूद, स्कोपची माउंट असं सगळं तपासून झाल्यावरही दोष सापडत नाही, कारण तो हजार मैल मागे राहिलाय.

म्हणून शिकवणं संपल्यावर एक नोंद ठेवा: तारीख, जागा, स्टेशन प्रेशर, तापमान, अंतर, फिरवलेले मिल, क्रोनोग्राफचा वेग आणि शिकवल्यावरचा वेग. यंत्रातल्या प्रोफाइलवर विसंबू नका. फर्मवेअर बदलताना ती पुसली गेली की आठवत काही नाही.

दुसऱ्या जागी, वेगळ्या उंचीवर किंवा पंधरा-वीस अंशांनी वेगळ्या तापमानात गेलात की पहिला ग्रुप सॉल्व्हरच्या उत्तरावर, काहीही न बदलता मारा. जमलं तर ६०० आणि ९०० अशा दोन अंतरांवर. दोन्हीकडे फरक मिलमध्ये साधारण सारखाच आला तर झीरोकडे बघा. अंतरागणिक वाढत गेला तर आधी स्टेशन प्रेशर वाचा, मग मीटरचं एन्व्हायर्नमेंट अपडेट चालू आहे का ते बघा. ते बंद राहिलं असेल तर सॉल्व्हर अजून मागच्या रेंजच्या हवेत गोळी उडवतोय. मग तापमान, मग बारूदाचा तक्ता. वेगाच्या रकान्याला हात लावायचा तो या सगळ्यानंतर.